केशवनगर-मुंढवा भाग : आठवीनंतर महापालिकेची माध्यमिक शाळा, कुणाचा अनुभव आहे का?

केशवनगर_बी_विंग

नमस्कार. मुलीच्या शाळेबद्दल विचारायचं आहे, जरा सविस्तर लिहितो.

मुलगी पहिलीपासून आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) राखीव २५ टक्के जागांतून खासगी इंग्रजी शाळेत आहे. यंदा आठवी संपतेय. फुकटचं आठवीपर्यंतच असतं हे माहीत होतं, पण शाळेनं नववीच्या फीचा कागद हातात ठेवला तेव्हा कळलं, हे आपल्याच्यानं होणार नाही. मी खराडीत एका कंपनीच्या कॅबवर आहे, बायको घरी शिलाई करते, धाकटा चौथीत आहे.

घरापासून चालत जाण्यासारखी महापालिकेची माध्यमिक शाळा आहे. आठवी ते दहावी, सेमी इंग्रजी. फाटकावर निकालाचा फ्लेक्स लावलाय, आकडा नव्वदच्या वर. पण सोसायटीत विषय काढला की सगळे तोंड वाकडं करतात. मेहुणा तर म्हणाला, "तिथं सगळी वस्तीतली आणि बाहेरून आलेली पोरं. पोरगी हातची जाईल."

कुणाची मुलं अशा शाळेत आहेत किंवा होती का? आत नक्की कसं असतं? मुलीचं गणित चांगलं आहे, मराठी मात्र अडखळत वाचते. नववीत माध्यम बदलायचं धाडस करावं का?

उंड्रीकर_८८

करा बिनधास्त. माझा पुतण्या अशाच शाळेतून झाला. फी नाही, गणवेश आणि वह्यांचे पैसे थेट खात्यात येतात. निकाल नव्वदच्या वर आहे ना? मग अजून काय पाहिजे माणसाला!

खडूबाई

केशवनगरकर, मी अशाच एका शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते. कुठली ते सांगत नाही, अजून नोकरी करायची आहे. हडपसरकडची समजा.

उंड्रीकरांचा राग नाही, पण त्या फ्लेक्सवर जाऊ नका. आमच्या शाळेच्याही नाही. निकालाची टक्केवारी काढतात ती परीक्षेला बसलेल्यांची. जी पोरं बसलीच नाहीत ती त्यात कुठंच नसतात. मुख्याध्यापकांना एकच प्रश्न विचारा : यंदा जी बॅच दहावीला बसली ती नववीत आली तेव्हा कॅटलॉगवर, म्हणजे हजेरीपटावर, नावं किती होती, आणि बोर्डाचा फॉर्म कितीजणांनी भरला? जिथं हा आकडा सरळ सांगतात ती शाळा बरी. काही ठिकाणी कच्च्या पोराला नववीतच गोड बोलून १७ नंबरचा फॉर्म भरायला लावतात, म्हणजे तो बाहेरून खासगी बसतो आणि शाळेचा निकाल चकचकीत राहतो. हे खासगीतही चालतं, पालिकेचीच मक्तेदारी नाही.

नववीवर एवढा जोर का देते ते सांगते. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, तो ६ ते १४ वयाचा, म्हणजे आठवीपर्यंतचा. तुमच्या मुलीची फी जिथं सुरू होते, नेमकी तिथंच आमच्या पोरांची खिचडी बंद होते. शालेय पोषण आहार आठवीपर्यंत. आमच्याकडे आठवी आणि नववीचे वर्ग एकाच मजल्यावर आहेत. मधल्या सुट्टीत आठवीवाले ताटल्या घेऊन रांगेत, नववीवाले जिन्यात बसून बघतायत. जून-जुलैत हे फार दिसतं. सकाळी घरून चहा-खारी खाऊन आलेला पोरगा पाचव्या तासाला बाकावर डोकं टाकतो. कुणी म्हणेल अभ्यासात लक्ष नाही. शिजवणाऱ्या मावशींना काही सांगावं लागत नाही, तळाशी उरलेलं त्या कुणाला द्यायचं ते त्यांना बरोबर कळतं. नियमात बसतं का ते मला विचारू नका.

तर गळती होते ती इथं. दहावी नापास होऊन कमी, नववीच्या दिवाळीनंतर न आल्यानं जास्त. मुलगे गॅरेजला, मंडपवाल्याकडे, सेंटरिंगच्या कामाला. मुली घरी, कारण धाकट्याला सांभाळायला कुणी नाही. नाहीतर गावाकडं स्थळ आलेलं असतं. तुमच्या मुलीला यातलं काही लागू नाही, पण वर्गात तिच्या शेजारी कोण बसणार आहे ते तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं.

आता मेहुण्यांची "बाहेरून आलेली पोरं". आमच्या एका तुकडीत लातूर, बीड, धाराशिवची पोरं आहेत. कलबुर्गी-यादगीरकडची कन्नड बोलणारी, बांधकामावरच्या आईबापांची. घरी गोरबोली बोलणारी लमाण पोरं. वैदुवाडीची, रामटेकडीची. सय्यदनगरच्या काही मुली, ज्या सातवीपर्यंत उर्दू माध्यमात शिकल्या. सोसायटीच्या नेपाळी वॉचमनचा मुलगा. दोन किराणा दुकानदारांची मारवाडी पोरं, ज्यांना मी शेकडेवारी शिकवायच्या आधीच येत होती. आणि अस्सल हडपसरचे, ज्यांच्या आजोबांची जमीन होती आणि आता चाळीतल्या खोल्यांचं भाडं येतं. २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं पालिकेत आली, तेव्हापासून जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवी झालेलीही येतात. पुण्याच्या पेठांत राहून कुणाला हे पुणं दिसत नाही, पण आत्ताचं पुणं हेच आहे.

हे सगळे एकमेकांशी गुण्यागोविंदानं राहतात असलं मी लिहिणार नाही. पहिले दोन महिने घोळके असतात. भांडणं होतात, आणि ती बहुतेक वेळा जातीवरून किंवा भाषेवरून नसतात, पंख्याखालच्या बाकावरून असतात. गणपतीत लेझीमचा सराव सुरू झाला की घोळके मोडतात. दर वर्षी हेच बघते.

पालकसभा आम्ही रविवारी घेतो, कारण आठवड्यात बोलावलं तर पालकाचा खाडा होतो. एका सभेला यादगीरकडची एक आई आली. कन्नडशिवाय दुसरं काही येत नाही. मी सांगत होते की तुमचा मुलगा दुसऱ्या तासानंतर भिंतीवरून उडी मारून जातो. मुलगा शेजारीच उभा, तोच दुभाषा. त्यानं इतक्या गंभीर चेहऱ्यानं आईला काहीतरी सांगितलं की बाई खूश होऊन हसली आणि मला हात जोडले. मागं कलबुर्गीची एक मुलगी बसली होती, तिला हसू आवरेना. पुढं बोलावलं तेव्हा म्हणाली, "बाई, तो सांगतोय, मॅडम म्हणतात मी लांब उडीत शाळेत पहिला." आता दुभाषा आम्ही ठरवतो.

याच मुलाला मराठीतलं उदाहरण कळायचं नाही, पण फळ्यावर नुसते आकडे मांडले की सोडवायचा. बालभारती पुस्तकं मराठी, इंग्रजी, हिंदी, उर्दू, कन्नड अशा बऱ्याच माध्यमांत काढते आणि ई-बालभारतीवर ती फुकट उतरवता येतात. मी कन्नड माध्यमाचं गणित उतरवलं. शाळेतल्या प्रिंटरला शाई असेल त्या दिवशी दोन-दोन पानं काढते. उदाहरणं तीच, क्रम तोच. तो एक ओळ कन्नडमधून वाचतो, मग मराठी पुस्तकात बोट ठेवतो. भिंतीवरून जाणं पूर्ण थांबलेलं नाही, पण गणिताचा तास संपल्यावर जातो.

दिवाळीच्या आधी मुंढव्याच्या कुंभारवाड्यातली पोरं अर्धीच येतात, पणत्यांचा हंगाम असतो आणि आमची सहामाही नेमकी त्याच दिवसांत. उत्तरपत्रिकेवर गेरूची बोटं उमटलेली असतात. बाहेरच्या शाळेतून नवीन आलेल्या एका सरांनी त्याचे टापटिपीचे गुण कापले. स्टाफरूममध्ये त्यावरून जे झालं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आता तुमच्या मुलीचं. गणित-विज्ञानाची काळजी सोडा, सेमीत ते इंग्रजीतच आहे, उलट ती पुढं असेल. खरी अडचण मराठी. इंग्रजी माध्यमात मराठी दुसरी भाषा असते, नववीला अक्षरभारती. आमच्याकडे मराठी पहिली भाषा, म्हणजे कुमारभारती. पुस्तक जाड, व्याकरण जास्त, आणि इतिहास-भूगोलही मराठीतून. "अडखळत वाचते" म्हणालात ना, ते इतिहासाच्या पेपरला नडेल. शेवटचे दोन प्रश्न राहून जातात. नववीत बदल करायला वेळ आहे, दहावीत अजिबात करू नका. आणि पालिकेच्या इंग्रजी माध्यमाच्याही काही माध्यमिक शाळा आहेत. तुमच्या टप्प्यात एखादी असेल तर आधी तिकडं जा.

शाळा बघायला जाल तेव्हा सकाळी अकराला जाऊ नका, मधली सुट्टी संपता संपता जा. मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का आणि नळाला पाणी आहे का ते बायकोला बघायला सांगा. गणिताला कायम शिक्षक आहे की तासिकेवरचा, ते शिपायांना विचारा, ते खरं सांगतात.

फुरसुंगी_ते_कॅम्प

बाईंनी छान लिहिलंय, पण दुसरी बाजूही यावी म्हणून लिहितो. माझा मुलगा दुसऱ्या एका पालिकेच्या शाळेत होता. नववीला गणिताचे सर बदलून गेले आणि पहिलं सत्र संपेपर्यंत त्यांच्या जागी कुणी आलं नाही. गणिताच्या तासाला चित्रकलेच्या बाई बसायच्या. बाई चांगल्या होत्या, पोराची एलिमेंटरी परीक्षा झकास गेली. बीजगणिताच्या वहीत मात्र दोन प्रकरणं. तक्रार केली की मुख्याध्यापक म्हणणार, वर कळवलंय. वर विचारलं की म्हणणार, भरती झाल्यावर. मधेच जे शिक्षक होते त्यातलेही दोघं बीएलओच्या कामाला, मतदारयादी घेऊन आमच्याच गल्लीत फिरताना दिसायचे.

शेवटी हडपसर गावातल्या एका अनुदानित शाळेत घातला. तिथं फी नावाला असते, शिक्षक पूर्ण आहेत, पण एका वर्गात इतकी मुलं की पोराचं नाव वर्गशिक्षकांना दिवाळीपर्यंत माहीत नव्हतं. पालिकेच्या शाळेत निदान शिपाईमामासुद्धा नावानं हाक मारायचे. माझं म्हणणं एवढंच, खासगी आणि पालिका यांच्या मधे अनुदानित हा पर्याय आहे. लोक तो विसरतात.

रामटेकडी_एक्स्प्रेस

मी अशा शाळेतून दहावी झालो. आता औंधच्या आयटीआयला इलेक्ट्रिशियनला आहे. आमच्या घरी कैकाडी बोलतात, मराठी मी बालवाडीत शिकलो.

काका, तुमच्या मुलीसारखी आरटीईवाली मुलं दर वर्षी नववीला येतातच. पहिल्यांदा गप्प असतात. आमच्या वर्गात एक आली होती, डब्यात पास्ता वगैरे आणायची, त्यामुळं आठवड्याभरात तिचं नाव पास्ता पडलं. तिला राग आला नाही, किंवा आला असेल तर दाखवला नाही. विज्ञानाच्या जर्नलमधलं इंग्रजी सगळ्या वर्गाचं तीच तपासायची. बदल्यात आमच्यातली एक जण तिला मराठी निबंध सांगायची, आणि ती निबंधवाली स्वतः घरी तेलुगू बोलणारी. दहावीला दोघी चांगल्या पास झाल्या.

शिव्या आहेत. मारामाऱ्या आहेत, शाळेच्या बाहेर जास्त. आमच्या वेळी फाटकासमोरच्या टपरीवर मोठी पोरं उभी राहायची. बाईंनी स्वतः जाऊन टपरीवाल्याशी भांडण केलं तेव्हा थांबलं. मुलींना घ्यायला पहिले काही दिवस कुणीतरी यावं, मग चार-पाच जणी एकत्र जातात.

मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो संध्याकाळी शाळेत बसू द्यायचे त्याचा. घरी दहा बाय दहाच्या खोलीत टीव्ही चालू, पाहुणे चालू. शाळेत ट्यूबलाइट आणि शांतता, साडेसातपर्यंत. वॉचमनकाका मधेच येऊन बघायचे कोण झोपलंय.

आणि एक पैशाचं. दहावीला चांगले गुण पडले तर पुणे महापालिका १५,००० रुपये देते, मौलाना आझाद यांच्या नावाची योजना आहे. एरवी साधारण ८० टक्के लागतात, पालिकेच्या शाळेतल्याला ७०. मला ७२ होते. माझ्या मावसभावाला खासगी शाळेत ७६ पडले, त्याला काही नाही, अजून माझ्यावर जळतो. फॉर्म ऑनलाइन असतो, तारीख निघून गेली की गेलं, कुणी फोन करून सांगत नाही.

केशवनगर_बी_विंग

सगळ्यांचे आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. बाईंनी सांगितल्याप्रमाणं मधल्या सुट्टीत जाऊन आलो. बायको आत बघून आली, कडी आहे, पाणी ड्रममध्ये भरून ठेवलेलं, नळाला नाही. मुख्याध्यापिकांना नववी-दहावीचा प्रश्न विचारला तर आधी माझ्याकडे बघतच राहिल्या, "तुम्ही शिक्षक आहात का?" म्हणाल्या. मग स्वतः कॅटलॉग काढला. बरीच नावं गळलेली आहेत. कोण कुठं गेलं ते त्यांना जवळजवळ प्रत्येकाचं माहीत होतं, हा पुण्यात सेंटरिंगला, ही गावी, हा आईवडिलांबरोबर दुसऱ्या साइटवर आणि तिथल्या शाळेत नाव घातलंय. गणिताला कायम सर आहेत. प्रयोगशाळेला कुलूप होतं, किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर.

मुलीला सोबत नेलं होतं. ती काही बोलली नाही, पण बाहेर आल्यावर म्हणाली लेझीममध्ये मुली असतात का.

आता नवी अडचण. जुनी शाळा म्हणते आठवीची "ॲक्टिव्हिटी फी" भरा, मग दाखला. आरटीईला कसली फी? आणि दाखला नसेल तर नववीला घेतात का?

खडूबाई

लेझीममध्ये मुली पुढच्या रांगेत असतात, तिला सांगा.

दाखल्याचं. पैसे भरू नका, आधी लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी मागाल तर तोंडीच उत्तर मिळेल. थकीत फीसाठी दाखला अडवला म्हणून कुणाचा प्रवेश थांबवायचा नाही, वयानुसार वर्ग देऊन नाव घालायचं, असे शासनाचे आदेश नववी-दहावीसाठीही आहेत. नवीन शाळा सरलवर, म्हणजे मुलांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीवर, विनंती पाठवते, जुन्या शाळेनं ती मंजूर केली की नाव इकडं येतं. मंजूर करायला टाळाटाळ झाली तर गटशिक्षणाधिकारी किंवा पालिकेच्या शिक्षण विभागात त्या पोचेची झेरॉक्स घेऊन जा. पोच असली की खुर्चीतली माणसं वेगळी बोलतात.

दाखला हातात आला की तिथंच उभं राहून वाचा. मुलीचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख आकड्यात आणि अक्षरात, जात-पोटजात. जे काही चुकलंय ते शाळेतल्या रजिस्टरला आताच दुरुस्त होतं. दहावीचा बोर्डाचा फॉर्म गेला की त्याच दुरुस्तीसाठी बोर्डाच्या खेपा घालाव्या लागतात, आणि जातीच्या दाखल्याच्या वेळी तर रडायचीच पाळी येते. दर वर्षी एक तरी पालक "कुमारी"च्या जागी "कुमार" छापलेला कागद घेऊन माझ्याकडं येतो.

मराठीसाठी क्लास लावू नका. मे महिन्यात नववीचं इतिहासाचं पुस्तक ई-बालभारतीवरून उतरवून घ्या आणि तिला रोज एक पान मोठ्यानं वाचायला लावा, धाकट्याला ऐकायला बसवून. गोष्ट कळली का ते त्याला विचारा, तिला नको.

प्रयोगशाळेच्या किल्लीबद्दल पहिल्याच पालकसभेत विचारा आणि चार पालकांना बरोबर घेऊन विचारा. एकट्यानं विचारलं की "बघतो" म्हणतात.

आणि धाकट्याचं म्हणालात म्हणून. तो आठवीत जाईल तेव्हा सरकारी, पालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत असेल तर एनएमएमएसची, म्हणजे केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची, परीक्षा देऊ शकेल. पास होऊन यादीत नाव आलं तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत लागतं. विनाअनुदानित खासगी शाळेतल्या मुलांना ती परीक्षाच नसते. त्यामुळं त्याच्यासाठी आठवीपर्यंत थांबायचं की आधीच बदलायचं, याचा हिशोब तुम्ही दोघं आत्ताच घाला.